आई कोणाकडं जेवते

मले कोणी संशयी म्हणते तं म्हणो. या वयापर्यंत माह्या संशयानं मले जेवढं सांभाळलं तेवढं कोणी सांभाळलं नाही. बियाण्याचा दुकानदार लय गोड बोलाले लागला का मी पाकीट उलटंपालटं करून पाह्यतो. निवडणुकीत कोणी पाया पडाले आला का मी पाय मागं घेतो. मंग माह्याच घरात दुसरी चूल मांडली गेली तं मी काय डोळे मिटून बसणार होती? नाव तानाबाई आहे माह्यं. बीबी गावाच्या इकडल्या चार खेड्यात विचारा, कोणी बी सांगन.

तं झालं असं. मले दोन पोरं. मोठा जानराव शेती करते, कापसाची पऱ्हाटी लावते. लहाना धम्मरत्न बीबीच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करते. दुकान म्हणतो आपण, पण आहे टपरीच. बीटीचं बियाणं आलं तवा लोक म्हणत, आता अळीच येत नाही तं फवारा कायले माराचा, अन् धम्मरत्नाचा धंदा पार बसला होता. मंग एका वर्षी गुलाबी अळी आली. बोंड वरून पाह्यलं तं चांगलं, फोडलं तं आत सडकं. सगळ्या गावानं कपाळाले हात लावला, आमच्या जानरावनं बी लावला. अन् तिकडं बीबीले धम्मरत्नाच्या टपरीसमोर पंप घेऊन लोकायची रांग. एकाच घरात एक भाऊ अळीपायी झुरते अन् दुसऱ्याचं अळीनं भागते. जेवताना दोघं एकमेकाकडं पाहात नसत. पण धम्मरत्नाच्या हाती चार पैसे खेळाले लागले, अन् तवापासून त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं, नव्या घराचं काढलं.

घर आमचं दोन खोल्याचं. मातीच्या भिती, वर टिन, मांगच्या अंगाले पऱ्हाटीचा कूड घालून वरून शेणमाती सारवलेली. एका खोलीत जानराव, त्याची बायको अन्नपूर्णा अन् दोन लेकरं. दुसरीत धम्मरत्न, मंजुश्री, त्यायची पोरगी, अन् जानरावचा कापूस. भाव येईस्तोवर कापूस ठेवाले घरात दुसरी जागा नाही. खोलीत अर्ध्याच्या वर ढीग, अन् उरलेल्या पट्टीत हे तिघं निजते. त्या कापसानं पोरीच्या अंगाले खाज सुटे, खाजवून खाजवून हात रक्ताळले होते. सरकारचं घरकुल मांगं जानरावच्या नावानं भेटलं होतं, हे टिन त्याचंच, तवा त्याच घराले दुसऱ्यांदा भेटत नाही म्हणे. मंजुश्रीचं म्हणणं बरोबर होतं, मी कुठी नाही म्हणतो. पण बरोबर बोलणाऱ्या सुनेच्या मनात दुसरं काही नसते, असं बी नाही.

बीबीले एका कंपनीचा एजंट बसते. खेड्यातल्या माणसाले, ज्याले पगार नाही, नोकरी नाही, त्याले बी ते कंपनी घरासाठी कर्ज देते. त्यानं धम्मरत्नाले सांगतलं का भाऊ, कुटुंब वेगळं पाह्यजे, अन् वेगळं म्हणजे चूल वेगळी. साहेब कधी बी येते, न सांगता येते, अन् डोळ्यानं पाहून जाते. अन् आणखी एक गोष्ट, त्या चुलीवर खाणारे तोंडं जेवढे कमी, तेवढा खर्च कमी, अन् तेवढं कर्ज जास्त भेटते.

धम्मरत्नानं घरी येऊन सगळ्यायले बसवून हे समजावून सांगतलं. खोटी खोटी चूल मांडू, घर झालं का मोडून टाकू, जेवण आत्ता चालते तसंच एकत्र. मंग माह्याकडं वळला.

"आई, साहेबानं विचारलं तं तू दादाकडं जेवते असं सांगाचं. एक तोंड कमी झालं तं आपली एक खोली वाढते."

सगळे हसले. मी बी हसली. पण ज्याले नवसासायासानं वाढवलं, त्याच्या हिशेबात मी तोंड झाली, हे काही माह्या घशाखाली उतरलं नाही. अन् अन्नपूर्णा लगेच हो म्हणे. एका शब्दानं नाही विचारलं का असं काऊन, तसं काऊन. एरवी वाटीभर तेल उसनं द्याचं असलं तं दहा प्रश्न विचारते ते बाई. मंग इथं तोंडाले कुलूप काऊन? मले तवाच वाटलं का कुठीतरी पाणी मुरून राह्यलं.

दुसऱ्याच दिवशी मंजुश्रीनं तिच्या खोलीच्या दारामांगं चूल मांडली, कापसापासून लांब, कुडाच्या कोपऱ्यात. मी ओट्यावर बसून पाहात होती. खोटी चूल, पण काय ते कौतिकाचं लिंपण. माती चाळून घेतली, भुसा कालवला, बोटानं कडा गोल केल्या, पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत केली. मोडाचीच आहे तं एवढी नटवाची कायले? मी सगळं पाह्यलं.

मंग दुपारचा धूर निघाले लागला. जेवणं तं अन्नपूर्णाच्या चुलीवर होऊन गेलेले राहत, सगळ्यायचे, एकत्र. अन् दुपारी दोघी जावा कामातून मोकळ्या झाल्या का मंजुश्रीच्या कोपऱ्यातून धूर. एक दिवस मी कुडाच्या फटीतून डोकावली. डोकावली म्हणजे काय, माह्यंच घर आहे. पाह्यतो तं काय, बाई एकटी चुलीसमोर पाय पसरून बसलेली, कपात चहा, अन् असा सावकाश पिऊन राह्यली जसं तिले जगात दुसरं कामच नाही. बाजूले डब्या मांडलेल्या. साखरेची वेगळी, मिठाची वेगळी, तिखटाची वेगळी. माह्या अंगाची आग झाली. खोट्या चुलीले खरं मीठ लागते का, सांगा तुम्हीच.

मी सरळ आत गेली अन् विचारलं, हे काय चालू आहे. तं म्हणे, आई, एजंटनं सांगतलं का तो साहेब चहा कराले लावते अन् हाताकडं पाह्यते. जे बाई रोज तिथं रांधते तिचा हात न पाहाता डबीवर जाते, अन् नाटक करणारी बाई डब्या उघडून उघडून पाह्यते. म्हणून हाताले सवय लावून राह्यली. असं तिनं घडाघडा सांगतलं. उत्तर तयारच होतं तिच्याजवळ. सच्च्या माणसाले उत्तर द्याले थोडा तरी वेळ लागते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर दोघी जावा डोक्याले डोकं लावून बोलत होत्या. मी पाण्याचा गुंड घेऊन आली अन् दोघी चूप. अन्नपूर्णा म्हणते, आई, तुम्ही कायले आल्या, मी आणलं असतं ना पाणी. एवढी माया एकदम कुठून आली, बापा?

बाजूच्या घरातल्या कौशल्याबाईजवळ मी मन मोकळं केलं. तिच्या भावाच्या घरी बी असंच झालं होतं म्हणे, राशन कार्डासाठी. दाखवाले म्हणून वेगळी चूल मांडली, अन् मंग ते मोडलीच नाही. हात लावाले कोणीच तयार नाही. आता तिची भावजय आठवडाभर या पोराकडं अन् आठवडाभर त्या पोराकडं, पिशवी घेऊन फिरते. मी घरी येऊन ओट्यावर बसली अन् डोळ्यासमोर माह्यी पिशवी दिसाले लागली.

तवा मी ठरवलं. साहेब येईन तवा मीच सांगाचं. साहेब, यायची चूल खोटी आहे, सगळं घर एकाच तव्यावरचं खाते. घर नाही झालं तं नाही झालं. पोरीच्या खाजेले दवाखान्याचं मलम आणू. कापूस ओट्यावर टाकू, वरून ताडपत्री ताणू. पण माह्यं घर एका चुलीचं राह्यलं पाह्यजे, अन् मी त्या चुलीपाशी जेवली पाह्यजे. मले एवढंच पाह्यजे होतं, दुसरं काही नाही.

साहेब आला भर दुपारी. जानराव वावरात, धम्मरत्न बीबीले. मोटारसायकल उभी केली, मले पाहून म्हणे, "जयभीम आजी." नौमान नाव होतं, नांदुऱ्याचा पोरगा. हसतमुख होता, पण डोळे काही हसत नव्हते. मी ओळखलं का हा आपल्या जातकुळीचा आहे, म्हणजे संशयाच्या जातीचा. बसा म्हटलं तं बसला नाही. भितीवर हात फिरवून पाह्यला, टिनाकडं पाह्यलं, कुडाले बोट लावलं. दोरीवर कोणाचे कपडे वाळून राह्यले ते पाह्यलं. कापसाच्या ढिगापाशी पोरीचं अंथरूण होतं, तिथं जरासा थांबला. मंग पह्यले अन्नपूर्णाच्या खोलीत गेला अन् विचारलं का या चुलीवर कोण कोण जेवते. तिनं ठरल्यापरमाणं सांगतलं, आम्ही दोघं, लेकरं अन् आई.

मंग मंजुश्रीच्या चुलीपाशी आला अन् म्हणे, वहिनी, अर्धा कप चहा पाजता का. मी ओट्यावरच होती, दारातून सगळं दिसत होतं. मंजुश्रीनं पऱ्हाटीच्या काड्या मोडल्या, चूल पेटवली, आधण ठेवलं. हात साखरेवर गेला, पत्तीवर गेला, एकदा बी मान वळवली नाही तिनं. साहेबाची नजर तिच्या हातावरच होती. मंग त्यानं चुलीमांगची काजळी पाह्यली अन् मान हलवली. मी म्हणलं, झालं, याले पटलं. आता मलेच उठा लागते. मी गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात त्यानं कप हातात घेत विचारलं, "इथं कोण कोण जेवता?"

"आम्ही दोघं अन् पोरगी," मंजुश्री म्हणाली.

तो हसला. हसून म्हणे, म्हणजे सासूबाई मोठीकडं टाकल्या. असू द्या, सगळीकडं असंच राह्यते. कर्जाचं नाव निघालं का म्हातारं माणूस पह्यले दुसऱ्याच्या ताटात जाते. वाईट मनानं नाही बोलला तो, दिवसभर घरं पाहून पाहून पोरगा तसा झाला होता. पण मंजुश्रीचं तोंड लाल झालं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"टाकल्या नाही," ती म्हणाली. "आई माह्या हातचं जेवतात. चार लिहा."

मी गुडघ्यावरचा हात काढला. मले वाटलं आपण काही दुसरंच ऐकलं. कर्ज घटते हे तिले माहीत होतं, नवऱ्यानं पढवून पढवून सांगतलं होतं. तरी बाई म्हणते चार लिहा.

साहेबानं पेन थांबवला. म्हणे, तुमच्या जाऊबाईनं तं सांगतलं त्यायच्याकडं जेवतात. मंजुश्रीनं जीभ चावली, तिच्या ध्यानात आलं का काय होऊन बसलं ते. पण तवा अन्नपूर्णा दारात येऊन उभी राह्यली होती. तिनं गप बसाव का नाही? आता काही सारवासारव कराव का नाही? पण तिले बी झोंबलं. परक्या माणसासमोर सासूले जेवू घालण्याचा मान लहानी घेऊन चालली म्हणून. म्हणे, मी या घरात आली त्या दिवसापासून आईले मी वाढतो, हिले येऊन किती वर्ष झाले. मंजुश्री म्हणे, मोठ्या बाई, मागच्या तापात रातभर कोण बसलं होतं त्यायच्यापाशी. मंग जुंपली दोघीची. आईले ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर कोण देते, आईले दात नाही म्हणून वरणात कुस्करून कोण देते, आईचे पाय कोण चेपते. घराचं कर्ज गेलं खड्ड्यात, साहेब उभा आहे याचं बी भान नाही. मी ओट्यावर बसून आपलीच गोष्ट ऐकत होती.

साहेबानं पेन खिशाले लावला.

"एक बाई दोन चुलीवर जेवते म्हणजे चूल एकच आहे," तो म्हणे. "मले बनवू नका, वहिनी. माह्यं रोजचं काम आहे हे."

तो पायात बूट घालाले लागला. मंजुश्रीनं कापसाच्या ढिगाकडं पाह्यलं, मंग पोरीच्या अंथरुणाकडं, अन् पदर तोंडाले लावला.

मले जे पाह्यजे होतं ते झालं होतं. मले बोलाची बी गरज नव्हती, नुसतं बसून राह्यचं होतं. साहेब गेला असता, चूल मोडली असती, घर एक राह्यलं असतं. पण आत्ता आत्ता या दोघी माह्या पायी भांडल्या होत्या. ज्यायच्यावर मी इतके दिवस डोळा ठेवून होती त्या. मले लय वाईट वाटलं, अन् राग बी आला, स्वतःचा आला का त्या साहेबाचा आला, माहीत नाही. मोठीकडं जेवतो म्हणाव तं लहानी खोटी पडते. लहानीकडं म्हणाव तं मोठी. दोन्हीत तो बूट घालून चालला जाणार. मंग एकच गोष्ट राह्यली होती.

"साहेब, दोघी बी खोट्या बोलून राह्यल्या," मी म्हणलं. "मी कोणाकडंच जेवत नाही. माह्यं मी करून खातो."

तो थांबला. म्हणे, मंग तुमची चूल कुठी आहे, आजी. मी त्याले न्हाणीकडं घेऊन गेली. तिथं अंघोळीचं पाणी तापवाची चूल आहे आमची. तीन दगडं, वरून काळीठिक्कर. सकाळी पाणी तापवलं होतं, निखारे राखेखाली दबून होते. बाजूले एक चेपलेली पातेली पडली होती. मी म्हणलं, हे पाहा, इथं. उन्हाळ्यात उन्हात, पावसात टिनाच्या वळचणीखाली. दोघीनं आपापली चूल मांडली, मले कोणी बोलावलं नाही. परक्यासमोर लाज वाटते म्हणून आता दोघी म्हणतात आमच्याकडं जेवते.

हे बोलता बोलता मले रडू फुटलं. आवरू म्हटलं तं आवरे ना. नाकातोंडातून पाणी. मी म्हणलं, पोरासाठी मी एक तोंड आहे, साहेब, नुसतं तोंड. कोणाच्या बी ताटात जड होते. पिशवी घेऊन फिरवण्यापेक्षा मीच इथं येऊन बसली. काय काय बोलली, सगळं आठवत बी नाही. सुना दोघी न्हाणीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं त्यायले, म्हटलं तं घर जाते. माना खाली घालून ऐकत होत्या.

साहेबानं वाकून राखेत बोट घातलं. गरम लागली. त्यानं लगेच विश्वास ठेवला. एवढा संशयी माणूस, बाकी कशावर त्याचा विश्वास बसला नव्हता, पण म्हातारीले सुनायनं टाकलं यावर झटकन बसला. त्याले वाटलं, आता कुठी खरं सापडलं. त्यानं कागद भरला, मंजुश्रीच्या चुलीवर तीनच लिहिले, अन् म्हणे, काम होऊन जाईन. मंग मोटारसायकलपाशी गेल्यावर सुनायकडं पाहून म्हणे, "घर बांधसान तं या माउलीले एक कोपरा द्या. लाज वाटू द्या जराशी."

अन्नपूर्णाच्या डोळ्यातून टपटप पाणी पडलं. ते बाई आजपर्यंत कोणासमोर रडली नव्हती.

संध्याकाळी पोरं आली अन् घरात दिवाळी. एजंटचा धम्मरत्नाले फोन आला होता, साहेबानं चांगलं लिहून नेलं म्हणून. त्याले सगळं कळलं तवा तो पोट धरून हसला. म्हणे, आई, तू तं नाटकात पाह्यजे होती, काय रडली म्हणे, खरंच वाटलं असन त्याले. जानराव बी हसला, लय दिवसानं दोघं भाऊ एकमेकाकडं पाहून हसले. मी बी म्हणलं, हाव, मंग काय, तुमची माय आहे. अन्नपूर्णा तेवढी बोलली नाही. भाकरी थापताना तिचा हात जरा जोरानं पडत होता.

पोरं बाहेर ओट्यावर गेली, खोल्या किती काढाच्या ते बोलत बसली. मंजुश्रीनं माह्यं ताट वाढलं. वरणात भाकर कुस्करली, वरून तेलाची धार सोडली, ताट समोर ठेवलं अन् तशीच बसून राह्यली.

"आई, एक विचारू?"

"विचार ना वं."

"तुम्ही आमच्यासाठी खोटं बोलल्या, ते मले समजलं," ती म्हणाली. "पण खोटं बोलताना माणूस एवढं रडते का?"

मी घास हातात घेतला होता. रडू आवरलं नाही म्हणाव तं काऊन आवरलं नाही, ते सांगा लागते. इतके दिवस दोघीवर डोळा ठेवला ते सांगा लागते, कुडाची फट सांगा लागते, कौशल्याबाई सांगा लागते. मी भाकर वरणात आणखी कुस्करली, जे आधीच कुस्करलेली होती.

तिनं माह्या ताटात मीठ वाढलं, पाण्याचा तांब्या माह्या हाताजवळ सरकवला अन् उठली. रोज माह्याच शेजारी बसून जेवते ते. त्या दिवशी तिनं आपलं ताट उचललं अन् कापसाच्या खोलीत जाऊन जेवली.